झाकलेला कोपरा

१

येरित्सा पोद्लेस्निकच्या दिवसात कामाचे तास चारच होते, सकाळी दहा ते दुपारी दोन. त्याआधी उजेड निळसर असतो आणि त्यानंतर पिवळा पडतो, आणि रंग पाहणाऱ्या माणसाला दोन्ही चालत नाहीत. उरलेल्या वेळात ती जेवायची, झोपायची, धाकट्या बहिणीशी, नूशाशी, वाद घालायची आणि दहा वाजायची वाट पाहायची.

ल्युब्ल्यानात फेब्रुवारीभर धुकं असतं आणि सगळं शहर त्याला शिव्या घालत असतं. येरित्साला मात्र ते घरबसल्या मिळालेली भेट वाटे. ऊन नाही, सावली नाही; उत्तरेच्या खिडकीतून येणारा सपाट, कुणाचीही बाजू न घेणारा उजेड. त्या खिडकीशी तिचं टेबल होतं. टेबलावर एक करडा पुठ्ठा, काचेखाली ओळीनं मांडलेली बारा तिकिटं, एक चिमटा, एक भिंग. दिव्याला तिथं मज्जाव. नूशानं एकदा विणायला म्हणून टेबलावर दिवा आणून ठेवला, तेव्हा येरित्सा दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

काम सांगायला सोपं होतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर इथं पहिली स्वतःची टपाल तिकिटं निघाली, बेड्या तोडणाऱ्या माणसाचं चित्र असलेली. शाईची चणचण होती. हाताला येईल त्या शाईत छापत गेले, आणि एकेका रंगाची वीस-वीस तोंडं झाली. पासष्ट वर्षं उलटली तरी संग्राहक त्यांच्यामागे वेडे आहेत. तपकिरी म्हणून त्यांचं भागत नाही. कॉफी की चेस्टनट, मातकट की लालसर, ते सांगावं लागतं. ते येरित्सा सांगायची, आणि तिकिटाच्या पाठीवर आपली जोंधळ्याएवढी पितळी मोहर उमटवायची. मोहर उमटली की वाद संपला. चाळीस वर्षं असंच चाललं होतं.

नियम एकच होता, आणि तो तिचे गुरू मावर मास्तर यांनी घालून दिलेला. आधी पूर्ण एक मिनिट करड्या पुठ्ठ्याकडे बघायचं. आपण डोळ्यांत रस्ता घेऊन येतो, कुणाचा कोट, कुणाचं दार. तो पुठ्ठा सगळं धुऊन काढतो. मग तिकीट बघायचं. मग पुन्हा पुठ्ठा. येरित्साच्या टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाला हा नियम लागू होता, मग तो कितीही मोठा परीक्षक असो.

जानेवारीत मात्र तिचं एक प्रमाणपत्र परत आलं. परीक्षक मंडळाच्या लुडविक पिंतारनं फोन केला. माणूस सभ्य, म्हणूनच जास्त झोंबला.

"येरित्साबाई, तुम्ही जांभळट लिहिलंत. आम्हा दोघा परीक्षकांना तो लालसर दिसला."

"मग तुम्ही दोघं चुकलात."

"असेलही. पण आम्ही दोघं आहोत, आणि तुम्ही एकट्या आहात, आणि एकाहत्तर वर्षांच्या आहात."

पुस्ताच्या सणाआधीच्या शुक्रवारी तो स्वतः येणार होता. तिकीट येरित्सानं निवडायचं, दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर रंग लिहायचा. चिठ्ठ्या जुळल्या तर प्रश्न मिटला. नाही जुळल्या तर मोहर त्याच्या हाती द्यायची.

फोन ठेवून ती टेबलाशी आली. "मोहर गेली तर मी सकाळी उठायचं कशाला?" ती म्हणाली.

"माझ्याशी भांडायला," नूशा आतून म्हणाली. "मी एकटी कुणाशी भांडू?"

२

त्या आठवड्यातल्या सोमवारी मारिबोरहून एक पाकीट आलं. कुणा विधवेनं नवऱ्याच्या संग्रहातली चौतीस तिकिटं पाठवली होती. 'हे गेल्यावर उघडून पाहिली,' एवढंच सोबतच्या पत्रात. येरित्सानं ती छटेप्रमाणे लावायला घेतली. तेहतीस तिकिटं तासाभरात लागली. चौतिसावं हातात राहिलं.

वीस विनारांच्या किमतीचं तपकिरी. एका कोपऱ्यावर रजिस्टर चिठ्ठीचा तुकडा घट्ट चिकटलेला, टपालाचा शिक्का पुसट. तपकिरी होतंच, त्यात वाद नव्हता. पण कुठला तपकिरी? त्यात लाल नव्हता, पिवळा नव्हता, काळाही नव्हता. एकेक नाव जिभेवर येई आणि बसता बसता घसरे.

येरित्सा गुणगुणायला लागली. आवडीचं कोडं सापडलं की ती नकळत गुणगुणायची, आणि नूशाला स्वयंपाकघरात कळायचं की आज जेवण गार होणार.

तिची एक खाजगी युक्ती होती. कुठल्याही रंगाकडे अर्धं मिनिट टक लावून बघायचं आणि नजर पुठ्ठ्यावर टाकायची. पुठ्ठ्यावर क्षणभर त्या रंगाचा उलटा डाग तरंगतो. लालाचा हिरवट तरंगतो, तपकिरीचा फिकट निळा. डोळा थकतो, म्हणून तो दिसतो. डागावरून तिला मूळ रंगाचं पोट कळायचं.

ती तिकिटाकडे अर्धं मिनिट बघत राहिली. मग पुठ्ठ्याकडे.

डाग पडला नाही.

तिनं पुन्हा केलं, पूर्ण मिनिटभर. पुठ्ठा तसाच स्वच्छ. जणू ती इतका वेळ कशाकडे बघतच नव्हती. शेजारचं साधं तिकीट घेऊन बघितलं तर निळा डाग लगेच पडला. म्हणजे डोळा ठीक होता.

"वा रे पठ्ठ्या," येरित्सा तिकिटाला म्हणाली.

३

जेवायला योता होता, आंबट कोबी आणि घेवड्याचा. उठण्याआधी तिनं ते तिकीट साक्षीदारांच्या ओळीत, पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये ठेवलं आणि वरून काच झाकली. काचेखालच्या बारा तिकिटांना ती साक्षीदार म्हणायची. प्रत्येकावर स्पष्ट तारखेचा शिक्का, प्रत्येकाची छटा वादातीत. अनोळखी रंग ओळखायचा तर त्यांच्याशेजारीच ठेवून बघायचा, दुसरा रस्ता नाही.

परत येऊन बसली, एक मिनिट पुठ्ठ्याकडे बघितलं, मग ओळीकडे.

पाचवा साक्षीदार चेस्टनट होता. सहावा मातकट. चाळीस वर्षं तिनं ती तिकिटं रोज बघितली होती. झोपेत विचारलं असतं तरी तिनं त्यांचे रंग सांगितले असते. आता पाचवं, सहावं आणि मधलं पाहुणं, तिन्ही एकाच रंगाची होती.

येरित्सानं गुणगुणणं थांबवलं. पहिला विचार आला तो पिंतारचा. आणि दुसरा, डोळ्यांच्या डॉक्टरचा, ज्यानं दोनच आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं, 'वयाच्या मानानं उत्तम.' वयाच्या मानानं!

"नूशा! जरा इकडे ये. हात पुसून ये."

नूशा आली. पाच वर्षांनी लहान, दुप्पट जाड, आणि तिकिटांतलं तिला काडीचंही कळत नसे. पण लोकर निवडताना तिचा डोळा चुकायचा नाही. दुकानातल्या विणणाऱ्या बायका तिला पुढे करून गुंडे जुळवून घ्यायच्या. येरित्साला नाव नको होतं, जुळणी हवी होती, आणि जुळणीसाठी नूशाहून चांगला पारखी सबंध त्र्नोवो भागात नव्हता.

"आधी पुठ्ठ्याकडे बघ. एक मिनिट."

"चर्चमध्ये सुद्धा एवढा वेळ गप्प बसवत नाहीत गं."

"बघ म्हणते ना. आता सांग, ह्यातली कुठली एकसारखी आहेत?"

नूशानं क्षणाचाही वेळ न घेता जाडसर बोट काचेवर ठेवलं. "ही तीन. बाकीची सगळी वेगळी."

येरित्साचा जीव भांड्यात पडला. तिनं बहिणीच्या पिठाळ गालाचा मुका घेतला. तिचा डोळा शाबूत होता! बदलली होती ती तिकिटं. बदलली कशी, हा प्रश्न त्यानंतर आला, आणि तोही भीतीसारखा आला नाही, मिठाईसारखा आला.

"छान आहे पण हा रंग," नूशा वाकून बघत म्हणाली. "शांत वाटतं बघितलं की. ह्या रंगाचं जाकीट विणायला हवं."

४

मंगळवारी तिनं पाहुण्याला ओळीतून काढून निराळ्या काचेखाली ठेवलं आणि वही उघडली. ऊन लागलं की रंग बदलतात, ओल, गॅसचा धूर, मांजराचं मूत, काहीही लागलं की बदलतात. अशी हजारो तिकिटं तिनं नाकारली होती. पण लागण होऊन बदललेलं तिकीट तिनं कधी ऐकलं नव्हतं.

बदललेलं तिकीट पकडायची रीत ठरलेली असते. झाकलेला भाग बघायचा, कडेच्या फटीतून डोकावून. एखादी पट्टी, चिठ्ठी, दुसऱ्या तिकिटाची कड, जे काही त्यावर घट्ट चिकटून बसलं असेल त्याच्याखाली मूळ रंग जसाच्या तसा राहतो. म्हणूनच मावर मास्तर बजावत असत, संशय आलेल्या तिकिटावर चिकटलेलं काहीही काढायचं नाही. खाली जो लपलाय तोच एक खरं बोलणारा आहे. त्याला उघड्यावर आणलात की तोही बाकीच्यांसारखाच बोलायला लागेल.

येरित्सानं चाळीस वर्षं हा नियम मोडला नव्हता. मंगळवारी साडेअकराला मोडला. रजिस्टर चिठ्ठीच्या तुकड्याची कड तिनं दमट कुंचल्यानं हलकेच सैल केली आणि चिमट्यानं केसभर उचलली. फक्त बघायचं होतं.

खाली कॉफी होती. नेहमीची, हजारोंनी पाहिलेली, साधी कॉफी तपकिरी. तिला ओळखीचा माणूस परक्या गावात भेटावा तसं वाटलं.

"नूशा! लवकर ये!"

नूशा लवकर येणाऱ्यांतली नव्हती. गॅस बारीक केला, झाकण ठेवलं, काहीतरी पुटपुटली, मग आली. तोवर येरित्सा दाराकडे बघत होती. ती पुन्हा वळली तेव्हा चिठ्ठीची कड उचललेलीच होती, आणि तिच्याखाली कॉफी नव्हती. बाकीच्या तिकिटाचाच रंग होता, कडेपासून कोपऱ्यापर्यंत.

"काय बघू?" नूशा म्हणाली.

"काही नाही," येरित्सा म्हणाली. "उशीर केलास."

तिनं वहीत लिहिलं: 'मूळ रंग कॉफी. उघडा पडल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत बदलला.' मनात शंकेची पाल चुकचुकत होती. पण तिच्याहून मोठा आवाज होता तो कुतूहलाचा, आणि खरं सांगायचं तर तिला इतकं तरुण कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

५

बुधवारी तिला सुचलं की कागदाला लागण होते तर लोकरीला होईल का?

"तुला हा रंग आवडला ना?" तिनं नूशाला विचारलं. "मग हे तिकीट उद्यापर्यंत ठेव तुझ्याकडे. टोपलीत, पांढऱ्या गुंड्याशेजारी. पारदर्शक पाकिटातून बाहेर काढू नको."

"आणि काय करू? खायला घालू त्याला?"

"काही करू नको. नेहमीसारखी विणत बस."

नूशा बसली. टोपली मांडीवर, सुया हातात, रेडिओवर बर्फाच्या बातम्या. दर थोड्या वेळानं ती पाकीट उचलून रंग बघायची आणि परत ठेवायची. येरित्सा दारातून टोपलीवर नजर ठेवून होती. गुंड्यावर तिनं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं. गुंडा धरणाऱ्या हातांकडे तिनं पाहिलं नाही. रंगपारख्याची नजर अशीच असते. जे तपासायला घेतलं तेवढंच दिसतं, बाकी सगळं जग टेबलाबाहेर.

गुरुवारी दहाला ती गेली. "तो पांढरा गुंडा दे."

नूशानं दिला. गुंडा त्या रंगाचा होता. वरून नव्हे, आतपर्यंत. येरित्सानं धागा उलगडून बघितला.

"मी पांढरा मागितला."

"मग हा काय आहे?" नूशा सुया न थांबवता म्हणाली. "आंधळी झालीस की काय?"

"हा पांढरा?"

"लिहून घे माझ्याकडून. पांढराशुभ्र." आणि तिनं मान वर करून बहिणीकडे असं पाहिलं की येरित्साला पुढे काही विचारवेना. ती थट्टा करत नव्हती.

येरित्साच्या अंगावर काटा आला. पण गंमत अशी की त्या काट्याबरोबर ती मनातल्या मनात वाक्यही जुळवत होती, उद्या पिंतारला कसं सांगायचं त्याचं. तो चिठ्ठी लिहील, काय लिहील? त्याला नाव सापडणारच नाही! मग ती वही उघडेल, साक्षीदार दाखवेल, गुंडा दाखवेल. एकाहत्तर वर्षांची बाई म्हणे.

तिनं तिकीट परत आणलं. साक्षीदारांना आणखी लागण नको म्हणून त्यांची काच कपाटात ठेवली आणि तिकीट सरळ करड्या पुठ्ठ्यावर, मधोमध. दोन वाजेपर्यंत ती त्याच्याकडे आणि पुठ्ठ्याकडे आलटून पालटून बघत होती. उठली तेव्हा तिकीट तिथंच राहिलं. रात्रभर तिथंच राहिलं.

६

शुक्रवारी सकाळी दहाला ती टेबलाशी बसली, एक मिनिट पुठ्ठ्याकडे बघितलं, मग तिकिटाकडे बघितलं आणि तिला रडू यायचं बाकी राहिलं. तिकीट कॉफी तपकिरी होतं. साधं, नेहमीचं.

तिनं टक लावून बघून नजर पुठ्ठ्यावर टाकली. फिकट निळा डाग नियमाप्रमाणे तरंगला. साक्षीदार काढले. त्यांत पाचवा आणि सहावा, दोन्ही कॉफी होते... पण तसे दोन तिनं मुळात ठेवलेच कशाला असते? काही केल्या आठवेना. टोपलीतला गुंडा पांढराशुभ्र होता. समोरच्या घराच्या भिंती जशा असायच्या तशाच होत्या. सगळं जागच्या जागी होतं, आणि वहीत तिच्याच अक्षरात चार दिवसांचं वेड लिहिलेलं होतं.

म्हणजे पिंतार बरोबर होता. डोळा गेला होता, बहुधा डोकंही. आणि नूशा? नूशानं सोमवारी तीन तिकिटं एकसारखी म्हटलं होतं. पण नूशा बहिणीला बरं वाटावं म्हणून काहीही म्हणेल. येरित्सानं वहीची ती पानं फाडून शेगडीत घातली.

साडेअकराला बेल वाजली. दार नूशानं उघडलं. पिंतार टोपी काढता काढता थांबला.

"नूशाबाई, तब्येत बरी आहे ना? चेहऱ्याचा रंग कसा झालाय तुमचा. डॉक्टरला दाखवलंत का?"

"तीन जिने चढून आलात म्हणून तुम्हाला अंधारी आलीय," नूशा म्हणाली. "माझी तब्येत घोड्यासारखी आहे. आत या."

तो खिडकीशी बसला. शिस्तीचा माणूस, येरित्सानं सांगायच्या आधीच घड्याळ समोर ठेवून पुठ्ठ्याकडे बघू लागला. एक मिनिट झालं. नेहमीच्या सावधपणानं त्यानं आणखी एक घेतलं. मग तिकीट बघितलं, पुठ्ठा, पुन्हा तिकीट. दोघांनी हाताआड चिठ्ठ्या लिहिल्या. येरित्सानं दिसलं तेच लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

पिंतारनं दोन्ही उघडल्या. दोन्हीवर एकच शब्द होता. कॉफी.

"मला फार आनंद झाला," तो म्हणाला, आणि तो खरंच झाला होता. "मोहर ठेवा. आणखी वीस वर्षं ठेवा. जानेवारीचं विसरून जा."

येरित्साला हसू येईना आणि रडूही येईना. मोहर मुठीत घट्ट धरली तेव्हा तिच्या कडा तळव्यात रुतल्या, आणि तेवढ्यानं तिला बरं वाटलं.

नूशानं कॉफी आणली आणि बशीत पुस्ताचे क्रोफी, साखर भुरभुरलेले तळलेले गोल गोड पाव. पिंतारनं एक उचलला, वजन पाहिलं, दाबून पाहिला.

"हे दुकानातले आहेत."

"मग?"

"या घरात दुकानातले क्रोफी? मी बायकोला सांगून आलोय की आज नूशाबाईंच्या हातचे खाणार म्हणून."

"दोन दिवस विणत बसले ना हिच्या नादानं," नूशा लाजून म्हणाली. "थांबा, आजच करते. उद्या पाठवते तुमच्याकडे, बायकोसमोर नाक कापलं जाऊ देणार नाही तुमचं."

पिंतार तासभर बसला, जुन्या गोष्टी निघाल्या, मिशांना साखर लागली. निघताना दारात त्यानं नूशाचा हात हातात घेतला आणि तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"आता छान दिसताय हो," तो म्हणाला. "तो जिन्यातला अंधारच असणार. आता अगदी नेहमीसारख्या."

७

दार लागलं. येरित्सा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या डोक्यात पिंतारची दोन वाक्यं एकमेकांशेजारी पडली होती, आणि शेजारी ठेवलेल्या गोष्टी जुळवायची तिला चाळीस वर्षांची सवय होती. आल्या आल्या: रंग कसा झालाय. जाताना: नेहमीसारख्या. मधल्या वेळात नूशाला काय झालं होतं? काहीच नाही. मधल्या वेळात पिंतारनं काय केलं होतं?

त्यानं दोन मिनिटं पुठ्ठ्याकडे बघितलं होतं, रात्रभर त्या तिकिटाखाली राहिलेल्या पुठ्ठ्याकडे.

"पीठ तरी चाळून दे," नूशा म्हणाली. "का मोहर मिळाली म्हणून आता महाराणी?"

तिनं परात पुढे ओढली, अंडी फोडली, यीस्ट ओतलं. मग डावं मनगट वर धरून घड्याळाचा पट्टा सोडायला लागली. आईचं घड्याळ, रुंद चामड्याचा पट्टा. नूशा जाड होत गेली तसा तो मनगटात रुतत गेला होता. ती त्यासकट झोपायची, त्यासकट भांडी घासायची. वर्षातून एकदाच, क्रोफीचं पीठ मळायच्या वेळी, ते निघायचं.

"गेल्या पुस्तापासून हाललं नव्हतं, बघ कसं चिकटलंय," ती म्हणाली, आणि पट्टा सोलून काढावा तसा काढला.

मनगटावर एक पट्टा उरला, दोन बोटं रुंद. गुलाबी. इतका गुलाबी की येरित्साला आधी वाटलं कातडी निघाली. मग वाटलं, पट्ट्याखाली ऊन लागत नाही, तिथं असंच गोरं राहतं. मग तिला आठवलं की हा फेब्रुवारी आहे, आणि ल्युब्ल्यानानं नोव्हेंबरपासून ऊन पाहिलेलं नाही.

आणि मग तिनं तो रंग ओळखला. त्याला नाव शोधावं लागलं नाही. पाळण्यात पाहिलेला, शाळेच्या रस्त्यावर हातात धरलेला, सहासष्ट वर्षं रोज समोर असलेला नूशाचा रंग. तिनं नजर वर नेली, त्या पट्ट्यावरून कोपराकडे, कोपराकडून गळ्याकडे, चेहऱ्याकडे. एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, पट्ट्याच्या शेजारी तिला बाकीचा सगळा जसा होता तसा दिसला.

त्यात लाल नव्हता. पिवळा नव्हता.

"काय झालं?" त्या तोंडातून नूशाचा आवाज आला. "भूत पाहिल्यासारखी काय बघतेस?"

येरित्सानं खाली पाहिलं. गुलाबी पट्ट्याच्या दोन्ही कडा मावळू लागल्या होत्या. दोन बोटांचा दीड बोटाचा झाला होता.

"घड्याळ घाल."

"अगं पीठ मळायचंय."

"घाल म्हणते ना!"

"पट्टा भरेल पिठानं, आईचं आहे ते—"

येरित्सानं घड्याळ तिच्या हातातून ओढून घेतलं. चाळीस वर्षं केसभर कागद हाताळलेली बोटं होती ती. तिनं पट्टा नेमका त्या जागेवर बसवला, कडेला कड लावून, आणि खेचून नेहमीपेक्षा एक भोक पुढे अडकवला.

"आई गं! रुततंय!"

"रुतू दे," येरित्सा म्हणाली. दोन्ही हातांनी ती ते मनगट दाबून धरून होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हे काढायचं नाही आता. ऐकलंस? झोपताना नाही, अंघोळीला नाही, कधीच नाही."

"आणि क्रोफी कोण करणार?"

"मी करीन."

"तू?" नूशा हसायला लागली, अगदी तिच्यासारखीच. "तुला साधं पीठ तरी भिजवता येतं का?"

"शिकव मग," येरित्सा म्हणाली, आणि मनगट न सोडता, तिच्या चेहऱ्याकडे न बघता, दुसऱ्या हातानं परात जवळ ओढली.